मागे राहिलेल्या कुत्र्याचं काय?

रस्त्यावर एक कुत्रं असतं. कुणी टाकून दिलेलं, हरवलेलं, नाहीतर जन्मापासूनच बेवारस. ते एका मुलाच्या नजरेस पडतं. आईवडील आधी नको म्हणतात, मग काहीतरी अडचण येते, मग त्यांचं मन वळतं आणि शेवटच्या पानावर कुत्रं उबदार घरात निवांत झोपलेलं असतं. इंग्रजी चित्रपुस्तकांत ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आहे आणि अजूनही दरवर्षी नवी चित्रं घेऊन येते. आता ती आपल्याकडच्या घरांतही पोचली आहे. शहरांतल्या शाळांची ग्रंथालयं, पुस्तक प्रदर्शनं, परदेशातल्या मावशी-काकांनी पाठवलेल्या भेटी अशा वाटांनी ती मराठी मुलांच्या हातात येते. म्हणून या पुस्तकांकडे एकत्रितपणे बघायला हवं.

मुलांना ही गोष्ट का आवडते हे समजायला कठीण नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मनात आपण हरवू, आपल्याला कुणी सोडून जाईल, ही भीती खोलवर असते. ती त्याला बोलून दाखवता येत नाही. कुत्र्याच्या रूपात ती पानावर येते, वीस-पंचवीस पानं त्याच्यासमोर वावरते आणि शेवटी शमते. एवढं तर अगदी सामान्य पुस्तकही साधतं. माझी कसोटी मात्र थोडी पुढची आहे. कुत्र्याला घर मिळवून देताना पुस्तक माणसांकडून काय मागतं? आणि ज्यांना घर मिळालं नाही, त्यांच्याकडे ते वळून बघतं का? या दोन प्रश्नांवर बरीच गोंडस पुस्तकं निकालात निघतात आणि थोडी मनात घर करतात.

या गोष्टीची मुळं चित्रपुस्तकांच्या आधीची आहेत. ग्रिम बंधूंनी 1819 साली छापलेली ब्रेमेनच्या वादकांची गोष्ट घ्या. म्हातारं गाढव, शिकारीला निरुपयोगी झालेला कुत्रा, उंदीर न पकडणारी मांजर आणि सुरीखाली जायची वेळ आलेला कोंबडा असे चौघे मालकांकडून पळतात. ते ब्रेमेनला पोचतच नाहीत. वाटेत दरोडेखोरांना घाबरवून पळवून लावतात आणि त्यांच्याच घरात कायमचे राहतात. त्यांना कुणी दत्तक घेत नाही, ते आपलं घर आपणच मिळवतात. घर म्हणजे कुणीतरी दयेनं दिलेली वस्तू, ही समजूत त्या गोष्टीत नाही. पुढे तीच समजूत या सगळ्या साहित्याचा पाया झाली.

ती पक्की व्हायला शहरं कारणीभूत ठरली. 1860 साली लंडनमध्ये मेरी टील्बी या बाईंनी हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी एक तात्पुरता निवारा काढला. तोच पुढे बॅटरसी भागात गेला आणि आजही चालू आहे. रस्त्यावरचं कुत्रं, त्याला पकडणारा माणूस, निवारा आणि निवाऱ्यातून घरी नेणारं कुटुंब ही सगळी पात्रं अशा व्यवस्थेतून आली. 1893 साली मार्गारेट मार्शल सॉन्डर्स या कॅनेडियन लेखिकेनं ‘ब्यूटिफुल जो’ ही कादंबरी लिहिली. क्रूर मालकाच्या तावडीतून सुटलेल्या एका खऱ्या कुत्र्यावर ती बेतलेली होती आणि कुत्रा स्वतःच आपली कहाणी सांगतो अशी तिची रचना होती. तिच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. छळ, सुटका आणि प्रेमळ घर हा क्रम तिनं घट्ट केला.

त्याच्या सहाच वर्षं आधी, 1887 साली, चेखॉव्हनं ‘काश्तांका’ लिहून या क्रमाला आधीच धक्का दिला होता. काश्तांका बर्फाळ संध्याकाळी मालकापासून चुकते. सर्कशीतला एक माणूस तिला घरी नेतो, पोटभर खायला देतो, प्रेमानं शिकवतो. जुना मालक दारुडा सुतार. त्याचा मुलगा मांसाचा तुकडा दोरीला बांधून तिला गिळायला लावायचा आणि मग दोरी ओढून तो बाहेर काढायचा. तरीही सर्कशीच्या पहिल्याच खेळात प्रेक्षकांतून त्या दोघांचा आवाज ऐकू आल्यावर काश्तांका नवं सुख सोडून त्यांच्याकडे धावते. लहानांना ही गोष्ट वाचून दाखवल्यावर घरात शांतता पसरते. चांगलं घर कोणतं, हे आपण ठरवायचं की कुत्र्यानं? हा प्रश्न नंतरच्या फार थोड्या पुस्तकांनी विचारला.

विसाव्या शतकाच्या मध्यावरची गाजलेली पुस्तकं वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. कुत्र्याला घर कमवावं लागतं. लुडविग बेमेलमन्स यांच्या 1953 च्या ‘मॅडलिन्स रेस्क्यू’ला 1954 चं कॅल्डेकॉट पदक मिळालं, म्हणजे अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा सर्वोच्च मान. पॅरिसमध्ये मॅडलिन पुलावरून सीन नदीत पडते आणि एक भटकी कुत्री तिला वाचवते. म्हणून त्या कुत्रीला मॅडलिनच्या वसतिशाळेत जागा मिळते. वार्षिक तपासणीला आलेले विश्वस्त तिला हाकलून देतात, मुली शहरभर शोधतात, ती परत येते आणि तिला पिल्लं होतात. बारा मुलींमध्ये ती कुणाच्या कुशीत झोपणार यावरून भांडणं होत होती, तीही त्यामुळे मिटतात. पुस्तक देखणं आहे. पॅरिसचे पूल, रस्ते, पाऊस सगळं त्यात आहे. तरी विचार येतो, मॅडलिन नदीत पडलीच नसती तर त्या कुत्रीचं काय झालं असतं?

2001 सालच्या ‘विजेट’मध्ये हेच विनोदी अंगानं येतं. सहा मांजरी पाळणाऱ्या एका बाईंच्या घरात भटकं कुत्रं शिरतं आणि मांजरींनी आपलं म्हणावं म्हणून मांजरीसारखं वागू लागतं. पुढे बाई पडतात तेव्हा त्याचं भुंकणंच कामी येतं. मुलं हसतात, मलाही हसू येतं. पण आपण काहीतरी करून दाखवलं तरच आपल्याला ठेवून घेतील, हा निरोप लहान मुलासाठी जड आहे. त्यातही ज्या मुलाला घरात आपली जागा पक्की वाटत नाही, त्याच्यासाठी फारच जड.

जीन झायन आणि मार्गारेट ब्लॉय ग्रॅहम यांचं 1956 चं ‘हॅरी द डर्टी डॉग’ वेगळं वाटतं, कारण त्यातल्या हॅरीला घर आहेच. अंगावर काळे ठिपके असलेला हा पांढरा कुत्रा आंघोळीचा ब्रश अंगणात पुरून पळतो, दिवसभर चिखल-काजळीत लोळतो आणि पांढरे ठिपके असलेला काळा कुत्रा होऊन परत येतो. घरचे त्याला ओळखत नाहीत. तो आपल्या सगळ्या कसरती करून दाखवतो, तरीही नाही. शेवटी ब्रश उकरून काढून तो स्वतःच आंघोळ मागतो. आपल्याच घरात आपण परके झालो, हे पान वाचताना मुलांचे चेहरे बघावेत. सत्तर वर्षांनंतरही पुस्तक टिकून आहे ते त्या एका पानामुळे, असं मला वाटतं.

घर कमवावं लागण्याचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराच्या मागे एक कुत्रा चालत राहतो. भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडतात. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून चल म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे उघड होतं, आणि गोष्ट सांगताना आपण याच उलगड्यावर भर देतो. पण या प्रसंगाचं मोल त्या आधीच्या क्षणात आहे. युधिष्ठिरानं नकार दिला तेव्हा त्याच्यासमोर फक्त एक कुत्रा होता. त्यानं कुणाचा जीव वाचवला नव्हता, कसरत केली नव्हती. तो आपल्या भरवशावर सोबत आला होता, एवढंच युधिष्ठिराला पुरलं. मुलांना ही गोष्ट सांगताना मी त्या नकारापाशी थांबते, थोडा वेळ जाऊ देते आणि मगच पुढे जाते.

हा नकार चित्रपुस्तकात कसा उतरतो, ते बघायचं असेल तर मार्क सिमाँट यांचं ‘द स्ट्रे डॉग’ (2001) हाती घ्यावं. पॅरिसमध्ये 1915 साली जन्मलेल्या सिमाँट यांना 1957 मध्ये ‘अ ट्री इज नाइस’साठी कॅल्डेकॉट पदक मिळालं होतं. हे पुस्तक आलं तेव्हा ते पंच्याऐंशी ओलांडलेले होते. 2002 मध्ये त्याला कॅल्डेकॉटचा सन्मान-उल्लेख मिळाला. शनिवारी सहलीला गेलेल्या कुटुंबाला एक विस्कटलेलं कुत्रं भेटतं. मुलं खेळतात, त्याचं नाव विली ठेवतात. हे कुणाचं तरी असेल म्हणून आईवडील ते तिथेच सोडतात. मग आठवडा जातो आणि इथे सिमाँट यांची खरी ताकद दिसते. सोमवार ते शुक्रवार प्रत्येक जण आपापल्या कामात आहे आणि कुणाचंही लक्ष कामात नाही. हे शब्दांत फारसं सांगितलेलं नाही. जलरंगातल्या वाकलेल्या माना आणि हरवलेल्या नजरा ते सांगतात. पुढच्या शनिवारी सगळे त्याच जागी जातात. विली दिसतो, मागे कुत्री पकडणारा सरकारी माणूस. कुत्र्याला पट्टा नाही, साखळी नाही, असं त्याचं म्हणणं. त्यावर मुलगा आपला कमरेचा पट्टा काढून तोच गळपट्टा म्हणून पुढे करतो आणि मुलगी केसांची रिबीन काढून साखळी म्हणून देते.

या पुस्तकात विली काहीच करून दाखवत नाही. त्याला घर मिळतं कारण चार माणसांना तो आठवडाभर विसरता आला नाही. आणि घर देणं म्हणजे काय, हे दोन मुलांच्या कृतीतून कळतं. आपल्या अंगावरची वस्तू काढून द्यायची आणि अनोळखी मोठ्या माणसासमोर हे कुत्रं आमचं आहे असं ठामपणे सांगायचं. पकडायला आलेला माणूसही दुष्ट दाखवलेला नाही. तो नियम सांगतो, मुलं नियम पूर्ण करतात. चित्रकलेत आणि समजूतदारपणात या तोडीचं पुस्तक या प्रकारात मला दुसरं एकच माहीत आहे.

ते म्हणजे ऑस्ट्रेलियाचे बॉब ग्रॅहम यांचं ‘लेट्स गेट अ पप!’. अमेरिकेत ते थोड्या वेगळ्या नावानं आलं आणि त्याला 2002 चा बॉस्टन ग्लोब–हॉर्न बुक पुरस्कार मिळाला. छोट्या केटची मांजर मेली आहे, तिच्या पलंगाच्या पायथ्याशी आता कुणी झोपत नाही, म्हणून सकाळी सकाळी ती आईबाबांना उठवते. तिघं निवाऱ्यात जातात. ग्रॅहम यांनी तिथले कुत्रे असे रंगवले आहेत की प्रत्येकाचा स्वभाव एका नजरेत कळतो. उड्या मारणारं डेव्ह नावाचं पिल्लू निवडलं जातं. निघताना त्यांना रोझी दिसते. म्हातारी, करडी, रुंद, शांत. ती त्यांच्याकडे बघते. दोन कुत्री कशी नेणार? ते डेव्हला घेऊन घरी येतात.

बहुतेक पुस्तकं इथेच संपली असती. ग्रॅहम एक रात्र वाढवतात. नव्या जागी डेव्ह रडतो, केट त्याच्याजवळ जाते, आणि पलीकडे आईबाबांनाही झोप लागत नाही. सकाळी तिघं पुन्हा गाडी काढून रोझीला आणायला जातात. मागे राहिलेल्या कुत्र्याचं काय, हा प्रश्न निवाऱ्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक संवेदनशील मुलाला पडतो. बाकीची पुस्तकं त्याला दुसरीकडे बघायला लावतात. हे पुस्तक त्या प्रश्नाला एका रात्रीची जागा देतं. सगळी कुत्री काही घरी आणता येत नाहीत, हे ग्रॅहम लपवत नाहीत. रोझीच्या मागेही पिंजरे आहेतच. पण म्हाताऱ्या कुत्र्यालाही घर हवं असतं आणि पिल्लाच्या गोंडसपणावर सगळं ठरू नये, हे त्यांनी एकही उपदेशाचं वाक्य न लिहिता सांगितलं आहे. ज्या शिक्षकांना चित्रपुस्तकात मूल्यशिक्षण कसं असावं हे बघायचं आहे, त्यांनी हे पुस्तक बघावं.

या दोन्हींच्या बाजूला ठेवावं असं एक पुस्तक आहे, पण ते वेगळ्या जातीचं आहे. बेल्जियमच्या मोनिक मार्टिन गाब्रिएल वँसाँ या नावानं काम करायच्या. अर्नेस्ट आणि सेलेस्टीन या अस्वल-उंदराच्या पुस्तकांमुळे त्या जगभर माहीत आहेत. 1982 च्या त्यांच्या ‘अँ जूर, अँ शियँ’मध्ये एकही शब्द नाही. काळ्या रेषांची रेखाटनं आणि पुष्कळशी पांढरी जागा, बस्स. पहिल्याच पानांत चालत्या गाडीतून कुत्रा बाहेर फेकला जातो. तो गाडीमागे धावतो, धावत राहतो, गाडी लहान होत जाते. पुढे त्याला चुकवताना रस्त्यावर भीषण अपघात होतो. मग रिकामा रस्ता, किनारा, शहर, हाकलणारी माणसं. शेवटी दूरवर एक मूल दिसतं. तेही एकटंच.

चार रेषांत कुत्र्याची पाठ आणि त्या पाठीतला थकवा उभा करणारी चित्रकार विरळा. हे पुस्तक मी अगदी लहानांना दाखवत नाही. आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांसमोर ते ठेवलं की ती स्वतःच बोलू लागतात. त्याला का फेकलं, गाडीतल्या माणसांनी मागे वळून बघितलं असेल का, अपघात कुणामुळे झाला? शब्द नसल्यामुळे उत्तरं त्यांना स्वतःच शोधावी लागतात. अपघाताचं पान सर्वांत महत्त्वाचं आहे. घरातला एक जीव टाकून दिल्याची किंमत तो जीव एकटाच मोजत नाही, भलतीच माणसंही मोजतात, हे त्या एका पानावर दिसतं. आणि मराठी मुलाला ते वाचायला भाषांतराची गरज नाही.

बाकीच्यांपैकी काहींचा धावता उल्लेख पुरे. रोझमेरी वेल्स आणि सुझन जेफर्स यांच्या ‘मॅकडफ मूव्ह्ज इन’मध्ये (1997) पांढरं टेरियर कोंडवाड्याच्या गाडीतून उडी मारून एका जोडप्याच्या दारात येतं. 1930 च्या दशकातली घरं आणि दिव्यांचा उजेड यांसाठी ते बघावं. ‘गॅस्टन’ (2014) या केली डिप्युकिओ आणि क्रिश्चन रॉबिन्सन यांच्या पुस्तकात पूडलच्या कुटुंबात बुलडॉगचं पिल्लू वाढलेलं असतं आणि बुलडॉगच्या कुटुंबात पूडलचं. अदलाबदल झालीय हे कळल्यावर पिल्लं बदलली जातात. दिसायला सगळं बरोबर, पण कुणालाच बरं वाटत नाही, म्हणून ती पुन्हा आपापल्या वाढलेल्या घरी जातात. दत्तक घेतलेल्या मुलाच्या घरी हे पुस्तक जरूर असावं. ट्रॉय कमिंग्ज यांच्या ‘कॅन आय बी युअर डॉग?’मध्ये (2018) खोक्यात राहणारा आर्फी गल्लीतल्या प्रत्येक घराला अर्ज पाठवतो आणि नकार येत राहतात. शेवटी ही पत्रं वाटणारी टपालवालीच त्याला लिहिते. कल्पना छान आहे आणि मुलांना पत्रलेखन शिकवायलाही उपयोगी. जेफ न्यूमन आणि लॅरी डे यांचं ‘फाउंड’ (2018) निःशब्द आहे आणि त्यातली अडचण खरी आहे. मुलीला सापडलेलं कुत्रं दुसऱ्या कुणाचं तरी हरवलेलं निघतं. ते परत करण्याचं दुःख त्या पुस्तकानं अजिबात पुसून टाकलेलं नाही.

‘मॅडलिन फिन अँड द शेल्टर डॉग’ (2019) या लिसा पॅप यांच्या पुस्तकात मुलं निवाऱ्यातल्या कुत्र्यांना गोष्टी वाचून दाखवतात. हे कल्पनेतलं नाही. मिझुरी राज्यातल्या ह्यूमेन सोसायटीनं असा उपक्रम खरोखर चालवला आहे. मुलं पिंजऱ्यासमोर बसून मोठ्यानं वाचतात, बुजऱ्या कुत्र्यांना माणसाच्या आवाजाची सवय होते आणि अडखळत वाचणाऱ्या मुलाला न हसणारा श्रोता मिळतो. आपल्याकडे प्राण्यांचे दवाखाने आणि निवारे चालवणाऱ्या संस्था आहेत, वाचनाची आवड लावू पाहणारे शिक्षकही आहेत. देखरेखीखाली, लस दिलेल्या कुत्र्यांसोबत हे करता येण्याजोगं आहे.

या सगळ्या पुस्तकांबद्दल माझी एक तक्रार आहे. ती शेवटच्या पानानंतरची. पिल्लू घरी आलं की पुस्तक मिटतं, पण कुत्रं दहा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतं. ब्रिटनमध्ये 1978 पासून एक घोषणा गाजते आहे, की कुत्रं नाताळापुरतं नसतं, आयुष्यभरासाठी असतं. भेट म्हणून पिल्लू द्यायचं आणि सुट्ट्या संपल्या की सोडून द्यायचं, या प्रकारावर ती बेतलेली होती. पुस्तकं, चित्रपट, जाहिराती यांचा परिणाम किती होतो, ते आपणही पाहिलं आहे. 2003 मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे चालणारा पग आला आणि पगची मागणी देशभर वाढली. चपट्या नाकामुळे श्वासाला त्रास होणारी, उकाड्यात धापा टाकणारी ही जात. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं अमेरिकेतले कुत्र्यांचे सत्त्याऐंशी चित्रपट तपासले. काही चित्रपटांनंतर त्या जातीची लोकप्रियता दहा वर्षांपर्यंत वाढलेली राहिली, असं त्यात दिसलं. म्हणून चित्रकार कोणत्या जातीचं कुत्रं काढतो, हा प्रश्न किरकोळ नाही. पुण्या-मुंबईच्या उन्हात हस्की घेऊन फिरणारी माणसं दिसतात तेव्हा मला त्या कुत्र्याची आणि ज्याच्या हट्टापायी ते आणलं त्या मुलाची, दोघांचीही काळजी वाटते.

आता आपल्याकडे वळू. इथे या गोष्टीचा सांगाडाच बसत नाही. लंडन किंवा सिडनीच्या रस्त्यावर एकटं फिरणारं कुत्रं म्हणजे हरवलेलं कुत्रं. आपल्या गल्लीतलं कुत्रं हरवलेलं नसतं. त्याची एक हद्द असते, झोपायची जागा असते, चहाच्या टपरीवरची पाव-बिस्किटं असतात, रखवालदाराची सोबत असते. तीन-चार नावं असतात, प्रत्येक मजल्याचं वेगळं. त्याला सहा घरांचं थोडं थोडं प्रेम मिळतं आणि आजारी पडलं तर सहातलं कुणीच दवाखान्यात नेत नाही. आपल्या चित्रपुस्तकाचा खरा विषय हा आहे.

कायद्यानंही त्याला तीच जागा दिली आहे. 2001 च्या आणि मग 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार गल्लीतल्या कुत्र्यांना पकडून, नसबंदी आणि रेबीजची लस देऊन जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. 2023 च्या नियमांत त्यांना सामुदायिक प्राणी म्हटलं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. काही दिवसांतच मोठ्या पीठानं तो बदलून, नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री परत सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक मात्र सोडू नयेत, असं सांगितलं. त्या दिवसांत देशभर जो वाद पेटला, तो मुलांनीही घरोघरी ऐकला. त्यांच्या हातात त्याबद्दल द्यायला आपल्याकडे पुस्तक नव्हतं.

मुंबईला तर या वादाचा जुना इतिहास आहे. जून 1832 मध्ये कंपनी सरकारनं भटकी कुत्री मारायची मोहीम काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. कुत्रा त्यांच्या धर्मात पवित्र. फोर्ट भागातले व्यवहार बंद पडले आणि सरकारला सैन्य आणावं लागलं. त्याहून कितीतरी जुनी कुक्कुर जातकाची गोष्ट आहे. राजाच्या रथाचं कातडं कुत्र्यांनी खाल्लं, म्हणून शहरातली सगळी कुत्री मारायचा हुकूम सुटतो, फक्त राजवाड्यातली सोडून. स्मशानात राहणारा कुत्र्यांचा म्होरक्या, म्हणजे बोधिसत्त्व, राजासमोर जातो आणि ताकात दर्भ वाटून राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला सांगतो. ती कातडं ओकतात. पाळलेल्यांचा गुन्हा आणि बेवारशांना शिक्षा, हा विषय आजही ताजा आहे. एखाद्या चित्रकारानं हे जातक मनावर घ्यावं.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे नव्व्याण्णव टक्के कुत्र्यांमुळे होतो आणि संशयित प्राणी चावलेल्यांत चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त भारतात होतात. त्यामुळे अनोळखी कुत्र्याच्या गळ्यात पडणारं मूल दाखवणारं चित्र सिडनीत गोड असेल, सोलापुरात ते धोक्याचं आहे. आपल्या पुस्तकात कुत्र्याशी वागायची रीतही यायला हवी. खाताना, झोपलेलं असताना, पिल्लांजवळ असताना त्याला हात लावायचा नाही. अंगावर आलं तर पळायचं नाही, हात जवळ घेऊन स्थिर उभं राहायचं. चावलं किंवा ओरखडलं तर घरी लगेच सांगायचं, जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. भीतीनं लपवून ठेवणाऱ्या मुलाला सर्वांत मोठा धोका असतो. प्रेमाच्या गोष्टीत हे बसणार नाही असं कुणी म्हणेल. मला ते मान्य नाही. ग्रॅहम यांनी झोप न लागलेली एक रात्र बसवली, तसं हेही बसवता येईल.

आणि त्या पुस्तकाची घटनाही आपल्यासमोर तयार आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच असते. कल्पना करा: एका सकाळी पालिकेची गाडी येते, जाळं पडतं आणि गल्लीतला मोत्या दिसेनासा होतो. टपरीवाल्यापासून दुसरीतल्या मुलीपर्यंत सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. कुणी म्हणतं बरं झालं, रात्री भुंकायचा. कुणी पालिकेत चौकशी करतं. काही दिवसांनी तीच गाडी त्याच कोपऱ्यावर थांबते आणि मोत्या उतरतो, थोडा दमलेला, कानाला खाच. परदेशी पुस्तकांत जी गाडी खलनायक असते, तीच इथे त्याला परत आणते. मग त्याच्या पाण्याचं भांडं कोण भरणार, पुढच्या वर्षीच्या लशीची आठवण कोण ठेवणार, हे सहा घरांना मिळून ठरवावं लागतं. एका कुटुंबाचं घर नव्हे, अख्ख्या गल्लीनं वाटून घेतलेली जबाबदारी. अशी गोष्ट जगात फार थोड्या ठिकाणच्या मुलांना त्यांच्याच खिडकीतून दिसते, आणि त्यांत आपली मुलं आहेत.

हे करायची ताकद मराठीत आहे. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांतून नेहमीचं मराठी घर, त्यातली माणसं आणि त्यांचं बोलणं चित्रपुस्तकात किती जिवंत करता येतं हे दाखवून दिलं आहे. ज्योत्स्ना प्रकाशनासारखे प्रकाशक अशी पुस्तकं निगुतीनं छापतात. प्रथम बुक्सच्या 2015 मध्ये सुरू झालेल्या स्टोरीवीव्हरवर मराठीत मोफत वाचता येणाऱ्या गोष्टी आहेत आणि तिथे नवी गोष्ट कुणालाही घालता येते. चित्रकारांना माझी विनंती आहे की त्यांनी गावठी कुत्रं काढावं. तांबूस, काळं, कबरं, टोकदार कानांचं, वर वळलेल्या शेपटीचं. आपल्या हवेत तेच सुखानं जगतं आणि गल्लीतल्या कुत्र्यांतून एखादं घरी आणायचं झालं तर तेच मिळतं.

पालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सिमाँट आणि ग्रॅहम यांची दोन पुस्तकं मिळवून मुलांसोबत वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तरी चित्रांवरून मराठीत सांगता येतील इतकी ती स्पष्ट आहेत. आणि पुस्तक मिटल्यावर मुलानं कुत्रं मागितलं तर लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. आज पाच वर्षांचं असलेलं मूल दहावी-बारावीला जाईल तेव्हाही ते कुत्रं घरात असणार आहे. तोवर त्याला फिरवायला, डॉक्टरकडे न्यायला आणि म्हातारपणी सांभाळायला घरात कोण असेल, याचं उत्तर मिळालं की मगच आणा, आणि आणायचं ठरलं तर दुकानात न जाता निवाऱ्यात जा.